न दिसणे आणि नसणे

कालपर्यंत व्यवस्थित चालणारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क आज संगणकाला जोडली आणि पडद्यावर तिचे नावच आले नाही, की माणूस पहिल्या मिनिटातच निष्कर्ष काढून मोकळा होतो : सगळे गेले. लग्नाचे फोटो, मुलांच्या लहानपणच्या चित्रफिती, खरेदीखताच्या आणि सातबाराच्या स्कॅन केलेल्या प्रती, वर्षानुवर्षांचे काम, सगळेच. हा निष्कर्ष अनेकदा खोटा ठरतो. तो का खोटा ठरतो हे समजून घ्यायला भारतीय तर्कशास्त्रातला एक जुना प्रश्न फार उपयोगी पडतो. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते? मीमांसक, बौद्ध, नैयायिक आणि वेदान्ती या प्रश्नावर शतकानुशतके वाद घालत राहिले. त्या वादात ईश्वराचे असणे-नसणेही पणाला लागलेले होते, म्हणून त्याला धार होती.

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात अभावाच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण मानले. पुढे त्याला अनुपलब्धी हे नाव रुळले. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कळते ते कसे? डोळ्यांना जमीन दिसते. ‘नसणे’ दिसत नाही. तेव्हा घड्याचे न दिसणे हेच त्याच्या नसण्याच्या ज्ञानाचे साधन, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांनी हे वेगळे प्रमाण मानले नाही. अभाव प्रत्यक्षानेच कळतो आणि न दिसणे त्याला फक्त साहाय्य करते, असे ते म्हणतात. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी न दिसण्याला अनुमानातला हेतू ठरवले. तिघांचे मार्ग वेगळे, पण एका अटीवर त्यांचे एकमत आहे. न दिसणे ‘योग्य’ हवे. म्हणजे ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, इतकी दिसण्याची बाकीची सगळी सामग्री हजर हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उजेड नव्हता, एवढेच सिद्ध होते.

हार्ड डिस्क बंद पडल्यावर जे करायचे असते ते सगळे या एका अटीची तपासणी आहे.

ही तपासणी एखाद्या नेहमीच्या घरात बसून पाहू. मुळशी तालुक्यातले जांबे हे गाव मारुंजी आणि हिंजवडीच्या शेजारी आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्यापासून या पट्ट्यात शेताच्या बांधापलीकडे उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. अशा घरांत आता आठवणी लाकडी पेटीत राहत नाहीत. त्या तळहाताएवढ्या काळ्या डबीत राहतात. ही अडीच इंची डिस्क स्वतःचा वीजपुरवठा घेऊन येत नाही. तिची वीज यूएसबीच्या वायरीतूनच येते. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणित हिशेबाने ५०० मिलिअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. लांबलचक किंवा झिजलेली वायर, चार उपकरणे लटकवलेला हब, लॅपटॉपचे सैल झालेले पोर्ट, यांपैकी एकानेही वीज कमी पडते आणि आतल्या चकत्या पुरत्या वेगाने फिरूच शकत नाहीत. दिवा लागतो, पण डिस्क दिसत नाही. डिस्कच्या बाजूचा तो चपटा, मधे खाच असलेला सॉकेट हे तर नेहमीचे दुखणे : बोटाने पिन जरा हलवली की दिवा लुकलुकतो, सोडली की विझतो. इथे डिस्क धडधाकट असते, उणीव तिच्यापर्यंत पोचण्याच्या वाटेत असते.

ती उणीव शोधायची रीत म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. एक असेल तर दुसरे असते, ते नसेल तर हेही नसते, या जोडीने कारण ठरवायचे. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीच डिस्क, तोच संगणक, वायर दुसरी. मग तीच डिस्क, तीच वायर, संगणक दुसरा. वायर, पोर्ट आणि संगणक तिन्ही एकदम बदलून डिस्क चालली, तर डिस्क मिळाली पण कारण हातून निसटले.

धर्मकीर्तींनी न्यायबिंदूत अनुपलब्धीचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक इथे हुबेहूब लागू पडतो. जिथे झाडच नाही, तिथे शिसव नाही. व्यापक नाही म्हटल्यावर व्याप्याचा प्रश्न उरत नाही. संगणकाच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उपकरणच येत नसेल, तर फायली आहेत की नाहीत ही चौकशी त्या क्षणी व्यर्थ आहे. आधी झाड शोधायचे. उलट तिथे डिस्क दिसते, तिचा आकार बरोबर दिसतो, फक्त तिला ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नाही, तर दोन मिनिटांत अक्षर देऊन काम होते. आणि कधी कधी अक्षर असूनही विंडोज विचारते की डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायची का.

याच ठिकाणी घात होतो. त्या प्रश्नाचा अर्थ ‘इथे काही नाही’ असा नसतो. फायलींची नोंद ज्या रचनेत ठेवलेली आहे ती रचना वाचता येत नाही, इतकेच संगणक सांगत असतो. होकार दिला, तर आजवर केवळ न दिसणारी गोष्ट आपल्याच हाताने नसण्याच्या वाटेला लागते. सगळ्या प्रक्रियेत यापेक्षा मोठी चूक नाही. चेकडिस्कसारखी दुरुस्तीची आज्ञाही डिस्कवर लिहिते, म्हणून शंका असलेल्या डिस्कवर ती आधी चालवू नये. आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि शोध त्या प्रतिमेत घ्यावा. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम याच कामाचा आहे : तो आधी चांगला भाग उचलतो, खराब जागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. आतून ठराविक अंतराने टक्-टक् असा आवाज येत असेल, तर हेही करू नये. वाचणारे शीर्ष चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते. ते बिघडले की प्रत्येक फेरीत चकती खरवडली जाण्याचा धोका असतो. वीज ताबडतोब काढायची आणि धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञाकडे जायचे. वरचे कवच काढून आतली डिस्क थेट जोडण्याचा उपाय अनेकजण सांगतात. काही मॉडेलांत मात्र मजकूर कवचातल्या सर्किटच्या पट्टीवरच सांकेतिक होतो. तिथे डिस्क दिसते, पण आतले एक अक्षरही वाचता येत नाही.

न्याय-वैशेषिक परंपरेत अभावाचे चार प्रकार मानले गेले. त्यांतला प्रध्वंसाभाव, म्हणजे नष्ट झाल्यानंतरचे नसणे, इथे महत्त्वाचा. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. फुटलेला घडा तोच घडा म्हणून परत होत नाही. हे मान्य केले, तर ‘नष्ट झालेला डेटा परत मिळवला’ असे म्हणताच येत नाही. जो परत मिळाला तो नष्ट झालेलाच नव्हता. फिरत्या डिस्कवर पुसलेली फाईल साधारणपणे अशीच असते. तिची नोंद काढली जाते, मजकूर जागेवर राहतो, दुसरे काही वर लिहिले जाईपर्यंत. सांख्य म्हणतील की हा नुसता तिरोभाव आहे; कार्य कारणात लपले आहे आणि पुन्हा प्रकट होईल. पुसलेल्या फाईलबाबत सांख्यांचे बरोबर आहे. पण त्याच जागेवर दुसरा मजकूर लिहिला गेला, की नैयायिकांचे बरोबर ठरते. एसएसडीत तर ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा आपणहून रिकामी करायला लावते, आणि ही सीमा मालकाच्या नकळत ओलांडली जाते.

आता हाच नियम मोठ्या प्रश्नाला लावून पाहायला हवा. चार्वाक म्हणतो, ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत त्याला दिलेले उत्तर तर्काच्या इतिहासात फार गाजले. नुसत्या न दिसण्याने नसणे सिद्ध होत असेल, तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने घरी परतूच नये; बायकामुले दिसत नाहीत म्हणून छाती पिटून आक्रोश करावा. डिस्कचे नाव दिसले नाही म्हणून हंबरडा फोडणारा माणूस नेमके हेच करत असतो. ईश्वर इंद्रियांना दिसण्याजोगा मानलेलाच नाही, तेव्हा त्याच्या न दिसण्याला प्रमाणाची योग्यता येत नाही.

उत्तर भक्कम आहे, पण ते किती पुरते हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याने नास्तिकाचा एक पुरावा बाद होतो. आस्तिकाच्या पदरात एकही पडत नाही. हे उदयनांना पुरते ठाऊक होते, म्हणून तर जग हे कार्य आहे इथपासून त्यांनी ईश्वराची स्वतंत्र अनुमाने मांडली. आणि ज्यांनी अनुपलब्धीला प्रमाणाचा दर्जा दिला त्या कुमारिलांनी सृष्टिकर्ता ईश्वर मानला नाही, धर्मकीर्तींनीही नाही. अट तिघांची एक, निर्णय वेगवेगळे. योग्यतेची अट श्रद्धेची बाजू घेत नाही आणि अश्रद्धेचीही नाही. दोघांनाही ती घाई करू देत नाही, हे तिचे मोल आहे.

न दिसण्याची आणि नसण्याची एक गोष्ट याच परिसरात सांगितली जाते. जांब्याहून पवना ओलांडून उत्तरेला गेले की इंद्रायणीकाठी देहू आहे. परंपरा सांगते की वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या आक्षेपानंतर तुकोबांच्या अभंगांच्या वह्या या नदीच्या डोहात गेल्या, तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या वर आल्या. गाथेतल्याच काही अभंगांत या प्रसंगाचे उल्लेख आहेत. वारकरी याला विठ्ठलाची कृपा मानतात. लोकांनी तोंडपाठ असलेले अभंग पुन्हा म्हटले, लोकगंगेनेच गाथा तारली, असा अर्थ लावणारेही आहेत. दोन्ही अर्थांत डोहाच्या तळाशी गेलेली वही म्हणजे गाथेचा अंत नव्हे, हे समान आहे. शब्द नित्य आहे, ध्वनी आणि अक्षर त्याला फक्त प्रकट करतात, हे मीमांसकांचे मत इथे जवळचे वाटते. तरी प्रकट करणारे कोणीतरी लागतेच. संताजी जगनाड्यांसारखे टाळकरी लिहून ठेवत होते, कीर्तनांतून अभंग गावोगाव जात होते. १९५० सालच्या सरकारी आवृत्तीत ४६०७ अभंग आहेत, आणि वेगवेगळ्या गाथांत ही संख्या वेगवेगळी आहे.

या तफावतीपाशी अनुपलब्धीची दुसरी अट पुढे येते. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो प्रतियोगी. आणि कुमारिलांच्या मते जागा पाहणे जितके आवश्यक, तितकेच प्रतियोगीचे स्मरण आवश्यक. घडा आठवला नाही तर घड्याचे नसणे कळत नाही. डिस्क दुरुस्त होऊन येते तेव्हा नोंद हरवलेल्या फायली अनेकदा नावांवाचून येतात, नुसत्या क्रमांकांच्या रांगेत. काय आले ते मोजता येते. काय राहिले हे त्यालाच सांगता येते, ज्याच्यापाशी आत काय होते याची यादी किंवा आठवण आहे. गाथेच्या संपादकांनाही एका वहीत असलेला आणि दुसरीत नसलेला अभंग ओळखता आला, कारण तो कुठेतरी उतरलेला होता. जो कोणाच्याच वहीत उतरला नाही आणि कोणालाच पाठ नव्हता, त्याचे नसणे कोणत्याही आवृत्तीच्या ताळ्यात पकडता येत नाही.