गाडी महाग, जबाबदारी स्वस्त

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शे गाडीच्या धडकेत मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते मरण पावले. त्या गाडीची कायमची नोंदणी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं. गाडी दीड कोटीहून महाग, पण विजेवर चालणारी, म्हणून महाराष्ट्रात तिला मोटार वाहन कर माफ. नोंदणीसाठी शासनाचं तिच्याकडे एवढंच येणं होतं आणि तेही कुणी भरलं नव्हतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. पुढचा जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, डॉक्टरांची अटक हे सगळं आपण संतापाने वाचलं, आणि तो संताप रास्तच होता. पण त्या १,७५८ रुपयांकडे आपण पुरेसं पाहिलं नाही. शेकडो अश्वशक्तीची गाडी रस्त्यावर आणणाऱ्या माणसाकडे आपला समाज नेमकं काय मागतो, हे त्या आकड्यात दिसतं.

वेगवान गाड्यांच्या शौकिनांची आपल्याकडे एक जुनी तक्रार आहे. परदेशात सामान्य नोकरदार घेऊ शकतो ती गाडी इथे येत नाही, आणि आली तर दुप्पट भावाने येते. तक्रार खोटी नाही. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय २०२५ च्या मे महिन्यात भारतात आली ती ५३ लाखांना, आणि पहिल्या खेपेत फक्त १५० गाड्या. तीच गाडी अमेरिकेत तेव्हा साधारण ३३ हजार डॉलरला मिळत होती, म्हणजे तेव्हाच्या भावाने २८ लाखांच्या आसपास. मारुतीच्याच मातृसंस्थेची स्विफ्ट स्पोर्ट जपान-युरोपात वर्षानुवर्षं विकली गेली, पण स्विफ्टवर जीव टाकणाऱ्या या देशात ती कधीच आली नाही. चाळीस हजार डॉलरहून महाग गाडी तयार स्थितीत आयात केली तर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी अधिभार, मिळून ११० टक्के. त्यावर मोठ्या गाड्यांचा ४० टक्के जीएसटी. त्यावर राज्याचा कर, ज्याची कमाल मर्यादा महाराष्ट्राने २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेली.

मात्र महागाईत आपण एकटे नाही. सिंगापूरमध्ये गाडी घेण्याआधी गाडी बाळगण्याचा परवाना लिलावात विकत घ्यावा लागतो. तो दहा वर्षं टिकतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाड्यांसाठी या नुसत्या परवान्याचा भाव दीड लाख सिंगापुरी डॉलरवर गेला होता, आणि गाडीची किंमत व तिच्यावरचा चढता कर वेगळाच. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराचा सर्वांत वरचा टप्पा १५० टक्क्यांचा आहे. तेव्हा ‘आमचंच सरकार शौकिनांचं वैरी’ हे रडगाणं सोडून द्यावं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. गाडी विकत घेतल्यानंतर, पुढची सगळी वर्षं, तिच्या ताकदीचा हिशेब मालकाला द्यावा लागतो का?

इटली फेरारी आणि लॅम्बोर्गिनीची जन्मभूमी. त्या देशाला या गाड्यांचा अभिमान किती असेल, ते सांगायला नको. तरीही तिथे १८५ किलोवॉटच्या पुढच्या प्रत्येक किलोवॉटमागे दर वर्षी २० युरो जादा कर आहे. ४५० किलोवॉटच्या गाडीला नुसता हा अधिभार वर्षाला ५,३०० युरो पडतो आणि गाडी जुनी होत जाईल तसा तो कमी होतो. तिथेही परदेशी पाट्या लावून कर चुकवणारे आहेत, जसे आपल्याकडे महागड्या गाड्या पुदुच्चेरीत नोंदवून केरळ-महाराष्ट्रात फिरवणारे आहेत. पण करामागचं तत्त्व पाहा. कर ताकदीवर आहे आणि तो दर वर्षी आहे. आपण मात्र एकदाच, दुकानाच्या दारात, घसघशीत रक्कम घेतो आणि मग डोळे मिटतो.

विम्यात तर हे डोळे मिटणं असह्य होतं. दुसऱ्याच्या जिवाची भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा आपल्याकडे सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार दीड हजार सीसीच्या वरच्या कोणत्याही खाजगी मोटारीला वर्षाला ७,८९७ रुपये. गावाकडे लग्नाला सगळं घर घेऊन जाणारी इनोव्हा असो की सहाशे-सातशे अश्वशक्तीची इटालियन गाडी, रक्कम तीच. चालवणारा किती वर्षांचा आहे, मागच्या वर्षी किती वेळा वेगमर्यादा मोडली, याने त्या रकमेत एक रुपयाचा फरक पडत नाही. मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र गाडीच्या किमतीनुसार बदलतो. म्हणजे स्वतःच्या पत्र्याचा धोका आपण बारकाईने मोजतो आणि रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाचा सरसकट. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट राहिले आहेत. त्याशिवाय चालकाचं वय, पत्ता, आधीचे गुन्हे पाहून कंपनी हप्ता ठरवते. परवाना नुकताच हाती आलेल्या पोराला वरच्या गटातली गाडी बापाने घेऊन दिली तरी विम्याचा हप्ताच त्याला अडवतो. तिथे हे काम पोलिसाच्या शिट्टीआधी विमा कंपनीचं गणित करतं.

परवान्याचंही तेच. आपल्याकडे आठशे सीसीची अल्टो चालवायला जो परवाना लागतो, तोच जगातली सर्वांत वेगवान मोटार चालवायला पुरतो. ज्या जर्मनीत ऑटोबानच्या मोठ्या भागावर वेगाची सक्तीची मर्यादा नाही, तिथे परवान्यासाठी नेहमीच्या तासांव्यतिरिक्त गावाबाहेरच्या रस्त्याचे पाच, ऑटोबानचे चार आणि अंधारातले तीन धडे सक्तीचे आहेत. पहिली दोन वर्षं परवाना परीक्षाधीन असतो. एकवीस वर्षांखालच्या चालकाला दारूचा थेंबही चालत नाही. हे स्वातंत्र्य शिस्तीच्या पायावर उभं आहे आणि पाय घसरला तर दया नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या कुरफ्युर्स्टेनडाम रस्त्यावर दोघांनी शर्यत लावली, लाल दिवे तोडले, आणि एक ६९ वर्षांचा माणूस मेला. न्यायालयाने त्याला अपघात मानलं नाही, खून मानला. अपिलं झाली, फेरसुनावणी झाली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने एकाची जन्मठेप कायम केली. दरम्यान २०१७ मध्येच बेकायदा शर्यत हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि त्यासाठी वापरलेली गाडी जप्त करण्याची सोय कायद्यात आली.

मला सर्वांत जवळचं उदाहरण वाटतं ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचं. २०१९ मध्ये ॲडलेडमध्ये एक लॅम्बोर्गिनी ताब्यातून सुटली आणि पंधरा वर्षांची एक मुलगी गेली. चालक धोकादायक वाहन चालवून मृत्यूस कारण झाल्याच्या आरोपातून सुटला. लोक चिडले, पण चिडून थांबले नाहीत. १ डिसेंबर २०२४ पासून तिथे टनामागे २७६ किलोवॉट किंवा त्याहून अधिक ताकद असलेल्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं. चाक घसरू लागलं की गाडी सावरणारी जी यंत्रणा असते, ती मजेसाठी बंद करणं हाही आता गुन्हा आहे. एका मुलीच्या मृत्यूनंतर एका राज्याने गाडीचं वजन आणि ताकद यांचा भागाकार कायद्यात लिहिला. कल्याणीनगरनंतर आपल्या कायद्यात असा भागाकार आला नाही.

‘आम्ही एवढा कर भरतो’ हे वाक्य महागड्या गाडीच्या मालकाकडून आपण नेहमी ऐकतो. त्यात एक घातक समजूत दडलेली आहे, की भरलेल्या करात रस्ताही आला. एकदाच घेतलेल्या प्रचंड रकमेने ती समजूत पोसली जाते. पैसे मोजून प्रश्न मिटतो हे ज्याला गाडी घेतानाच शिकवलं, तो चौकातल्या हवालदारासमोर, ठाण्यात आणि रुग्णालयातही तेच करून पाहणार. फिनलंडमध्ये वेगाचा मोठा गुन्हा झाला तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो. २०२३ मध्ये एका धनाढ्य उद्योगपतीला ५० च्या हद्दीत ८२ ने गाडी हाकल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो भरावे लागले. आपल्याकडे मोटारीच्या अतिवेगाला कायद्याने एक ते दोन हजार रुपये दंड आहे. रिक्षा चालवणाऱ्याला ही रक्कम आठवडाभर सलते, आणि कोट्यधीशाला तिची आठवणही राहत नाही. गरिबाला जास्त आणि श्रीमंताला कमी लागणाऱ्या शिक्षेला न्याय म्हणता येत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, आणि सरकारी नोंदींनुसार त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले.

हे सगळं आताच का बोलायचं? कारण वेग स्वस्त होतो आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारानुसार तिथल्या गाड्यांवरचं आयात शुल्क ठरावीक संख्येपुरतं टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. आणि आयातीची वाट तरी कशाला पाहायची? जपानच्या कंपन्यांनी १९८९ पासून २००४ पर्यंत आपसांत ठरवून देशांतर्गत गाड्यांची जाहीर ताकद २८० अश्वशक्तीवर रोखून धरली होती. ज्या गाड्यांची चित्रं जगभरच्या पोरांनी भिंतीवर लावली, त्याही कागदोपत्री याच मर्यादेतल्या. आज आपल्या चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ ची सर्वांत ताकदवान आवृत्ती २१० किलोवॉटची, म्हणजे २८५ च्या आसपास अश्वशक्तीची आहे आणि ती २७ लाखांच्या आत बाजारात आली. मराठी कामगाराच्या हातची ही करामत अभिमानाचीच आहे. पण किमतीची जी भिंत आजवर ताकदवान गाडी आणि अननुभवी पोरगा यांच्यामध्ये उभी होती, ती पडते आहे. तिच्या जागी आपण काहीच बांधलेलं नाही.

विजेच्या गाडीला करमाफी असावी, धूर कमी होतो. पण धूर आणि ताकद या दोन गोष्टी आहेत. माफी धुरापुरती द्यावी आणि ताकदीचा वार्षिक कर वजन-ताकदीच्या गुणोत्तरावर वेगळा घ्यावा, मग इंधन कोणतंही असो. थर्ड पार्टी हप्त्यात सीसीऐवजी हेच गुणोत्तर आणि चालकाची नोंद धरावी. ठरावीक मर्यादेपलीकडच्या गाडीला वेगळा परवाना हवा, आणि तो पंचविशीच्या आत सहज मिळू नये. एवढं केल्यावर सीमाशुल्क खुशाल उतरवा. मला वेगाचा द्वेष नाही. वळणावर नेमका वेग राखणं ही कला आहे, आणि ती शिकायला जागा लागते. मोटार उद्योगावर पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर वाढलं, पण चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकला जे दशकांपूर्वी उभं राहिलं, त्या तोलाचं सार्वजनिक शर्यतमैदान या राज्याने पोरांना दिलं नाही. जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या वीस किलोमीटरच्या मार्गावर साधा माणूसही ठरलेल्या दिवशी तिकीट काढून स्वतःची गाडी पळवू शकतो. आपली पोरं त्यासाठी मध्यरात्रीचा द्रुतगती मार्ग निवडतात.

आणि आईबापांनो, एक कलम घरोघरी वाचून दाखवायला हवं. मोटार वाहन कायद्याचं १९९-अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशी पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. २०१९ पासून हे लिहिलेलं आहे. प्रत्येक आरटीओने ते नव्या गाडीच्या कागदपत्रांत मराठीत छापून द्यावं, आणि किल्ली हातात देण्याआधी मालकाची त्यावर सही घ्यावी.