निरक्षरांचे येणे

प्रौढ शिक्षणाचा विचार भारतात बहुधा दोन परिभाषांत केला जातो. एक परिभाषा दयेची, दुसरी उपयुक्ततेची. पहिलीत निरक्षर माणूस कृपेचा विषय ठरतो, तर दुसरीत तो उत्पादनाचे एक अविकसित साधन ठरतो. शासनाने या कामावर पैसा का खर्च करावा, याचे उत्तर दोन्ही परिभाषांत मिळते. परंतु ते टिकाऊ नसते. दया आटते आणि उपयुक्ततेचा हिशेब काळानुसार बदलतो. म्हणून हा प्रश्न तिसऱ्या, म्हणजे ऋणाच्या परिभाषेत मांडून पाहणे आवश्यक आहे.

ही परिभाषा मराठी विचारपरंपरेला नवी नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा हिस्सा रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र प्रामुख्याने वरच्या वर्गांना मिळतो, हा त्या निवेदनाचा गाभा होय. या मांडणीत रयत याचक राहत नाही. ती धनको होते आणि शासन ऋणको. नात्यातील हा पालट केवळ आर्थिक नव्हे, तर मूलतः नैतिक आहे.

स्वातंत्र्यानंतर या ऋणाला जणू लेखी स्वरूप आले. संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. १९६० साल उलटून गेले. वचन अपुरेच राहिले. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला तो २००२ मधील घटनादुरुस्तीने, आणि तोही सहा ते चौदा या वयोगटापुरता. मधल्या चार दशकांत ज्यांचे बालपण सरले, त्यांना ना वचनाचा लाभ झाला ना हक्काचा. २०११ च्या जनगणनेच्या तात्पुरत्या आकडेवारीत साक्षरतेचे प्रमाण ७४.०४ टक्के होते, स्त्रियांचे ६५.४६ टक्के. उरलेल्या आकड्यातील मोठा भाग या न फिटलेल्या ऋणाचा आहे. व्यवहारात वेळेवर मागणी न केलेले कर्ज मुदतबाह्य ठरते. येथे मात्र ज्या दस्तऐवजात कर्जाची नोंद होती, तोच धनकोला वाचता येत नव्हता. अशा धनकोपुढे मुदतीचे कारण सांगणे न्यायाला धरून होणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. तिजोरी मर्यादित आहे. तीच रक्कम बालकांवर खर्चिली तर निरक्षरता मुळातूनच थांबेल आणि परतावाही दीर्घकाळ मिळेल. या आक्षेपातील अग्रक्रम मान्य करण्यास हरकत नाही. पण अग्रक्रमाने दुसरे देणे रद्द होत नाही. शिवाय परताव्याच्या कसोटीची मर्यादा एका उदाहरणाने स्पष्ट होते. केरळमधील कार्त्यायनी अम्मा यांनी २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, राज्याच्या ‘अक्षरलक्षम’ परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकावला. त्यांच्या शिक्षणाचा परतावा कोणत्या कोष्टकात मांडावा? ते कोष्टक अस्तित्वात नाही. तरीही त्यांना शिकवणे अयोग्य होते, असे कोणी म्हणणार नाही. याचाच अर्थ, परताव्याखेरीज दुसरी एखादी कसोटी सर्वांच्या मनात आधीपासून वास करीत असते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. शासनाच्या पैशातून दिलेले शिक्षण शासनाच्याच सोयीचे नागरिक घडवील काय? ही भीती निराधार नव्हे. मात्र नेल्लोरचा अनुभव वेगळा आहे. तेथील साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठांत दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराचे चित्रण होते. ते वाचणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या गावातील दुकानांकडे पाहिले. दुबगुंटा येथून पसरत गेलेल्या आंदोलनाची परिणती १९९३ मध्ये आंध्र प्रदेशात ‘अरक’ या देशी दारूवरील बंदीत झाली. अबकारी उत्पन्नावर पोसलेल्या शासनाला त्याच्याच मोहिमेत अक्षरे शिकलेल्यांनी जाब विचारला. आपल्याला प्रश्न विचारू शकतील अशा माणसांवर खर्च करणे, ही लोकशाही शासनाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होय.

हे काम स्वयंसेवकांनी करावे, असेही सुचविले जाते. १९९० मध्ये एर्नाकुलम जिल्हा पूर्ण साक्षर जाहीर झाला, त्यामागे मानधनाविना राबलेल्या हजारो स्वयंसेवकांचे कष्ट होते. तथापि मोहीम वर्षभराची असते. शिकलेली अक्षरे टिकण्यासाठी ग्रंथालय, नियमित वर्ग आणि जबाबदार शिक्षक लागतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘साक्षर भारत’ योजनेत लोकशिक्षा केंद्रांच्या प्रेरकांना दरमहा २००० रुपये मानधन होते; २०१८ मध्ये योजना संपली आणि तो आधारही गेला. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेल्या ‘नव भारत साक्षरता कार्यक्रमा’त पाच कोटी प्रौढांसाठी १०३७.९० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली, आणि शिकवण्याचा भार विनामोबदला स्वयंसेवकांवर सोपविण्यात आला. भागाकार केल्यास प्रत्येक शिकणाऱ्यामागे सुमारे २०८ रुपये येतात. स्वयंसेवकाची निष्ठा आदरणीयच आहे. पण ऋण ज्याचे, त्यानेच ते फेडावयाचे असते. दुसऱ्याच्या त्यागातून स्वतःचे देणे भागविणारा ऋणको मुक्त होत नाही.

निरक्षर मनुष्य रोजच्या वस्तू खरेदी करताना, प्रवासाचे तिकीट काढताना सार्वजनिक तिजोरीत भर घालीतच आला आहे. त्या तिजोरीतून विद्यापीठे उभी राहिली, ग्रंथालये उभी राहिली, साहित्याच्या संस्थाही उभ्या राहिल्या. ज्यांना या सर्वांचा लाभ झाला, त्या सुशिक्षित वर्गाने प्रौढ शिक्षणासाठीच्या तरतुदीचा आग्रह धरणे हे औदार्य नव्हे. आपल्या वाट्याला आलेल्या अक्षरांची किंमत कोणी चुकती केली, याचे ते किमान भान आहे.