ओटा आणि माळा

माझ्या जुन्या नेटबुकच्या पुढच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा आहे. शेजारी एकावर एक ठेवलेल्या चकत्यांचं बारीक चित्र कोरलंय. हार्ड डिस्क काही वाचत किंवा लिहीत असली की हा दिवा लुकलुकतो. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. चार्जिंगचा दिवा बघतो माणूस, वायफायचा बघतो, याच्याकडे कोण बघतंय! दिवाळीत भाची म्हणाली, “मामा, तुझा तो पिटुकला लॅपटॉप देतोस का? जर्नल आणि प्रोजेक्ट रिपोर्ट लिहायला हवाय. पण फार स्लो आहे ना तो?” म्हणून कपाटातून काढला, धूळ झटकली, चालू केला. सुरू होईपर्यंत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून नजर त्या दिव्यावर गेली. दिवा लुकलुकत नव्हताच, एकसारखा पेटलेला होता. चहा उकळून गाळून झाला तरी पेटलेलाच.

‘स्लो’ हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. माणूस सावकाश चालतो तेव्हाही तो हळू, आणि फाटकापाशी गाडी जायची वाट बघत उभा असतो तेव्हाही घरच्यांच्या लेखी त्याला उशीरच झालेला असतो. पण पहिल्याला चांगले बूट देऊन काही उपयोग होईल, दुसऱ्याला काय देणार? माझं यंत्र या दोघांपैकी कोण, हे आधी ठरवायला हवं होतं. यंत्र २०१०चं. ॲटम एन४५० प्रोसेसर, १ जीबी रॅम, २५० जीबीची हार्ड डिस्क, दहा इंची पडदा. ॲटम हा काही पहिलवान नव्हे, पण सेकंदाला १६६ कोटी ठोके देतो. एक ‘क’ उमटवायला तेवढे पुरेत. टास्क मॅनेजर उघडला (तोही रुसूनच उघडला) तर प्रोसेसर जेमतेम दहा-बारा टक्के कामात आणि रॅम काठोकाठ भरलेली. म्हणजे स्वारी फाटकापाशी उभी होती.

हे फाटक म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात चटकन कळतं. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. सुगरणीला जे लागतं ते ओट्यावर हाताशी हवं. ओटा ऐसपैस असेल तर पोळ्या, भाजी, आमटी एकाच वेळी चालतात. ओटा चिंचोळा असेल तर? परात ठेवायची म्हणून मिक्सर माळ्यावर टाकायचा. दोन मिनिटांनी वाटणासाठी मिक्सर हवा, म्हणून परात वर टाकून मिक्सर खाली आणायचा. बाई दिवसभर स्टुलावर चढ-उतर करते आणि जेवायला बसलेले म्हणतात, हिचा हात फार हळू आहे बुवा. संगणकात या चढ-उताराला स्वॅपिंग म्हणतात, आणि त्या वेळी तो दाण्याएवढा दिवा एकसारखा पेटलेला असतो.

माळा किती उंच आहे याचा आपल्याला अंदाज नसतो. रॅममधला तुकडा प्रोसेसरच्या हाती यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवर तोच शोधायला साधारण १० मिलिसेकंद. दोन्ही आकडे आपल्याला ‘लगेच’च वाटतात, म्हणून ते फुगवून बघू. ओट्यावरची वस्तू उचलायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर हार्ड डिस्कच्या माळ्यावरून ती आणायला एक अख्खा दिवस आणि वर जवळजवळ चार तास लागतील. त्याच मापाने, जिच्यात चकती फिरतच नाही अशा एसएसडीचा माळा साधारण १७ मिनिटांवर येतो. सतरा मिनिटंही कमी नाहीतच, पण आज गेलेला माणूस उद्या परत येण्यापेक्षा बरी. जुन्या यंत्रात एसएसडी घातली की लोक ‘नवं झालं’ म्हणतात. प्रोसेसर तोच असतो, माळा तेवढा खाली आलेला असतो.

एवढं ध्यानात आलं की नेटबुक नावाच्या जातीचा इतिहासही वेगळा दिसू लागतो. आसुसने २००७ साली ईईई पीसी ७०१ काढला तेव्हा त्यात ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची फ्लॅश साठवण आणि सात इंची पडदा होता. ओटा वीतभर, पण वर मांडलेली झॅन्ड्रॉस लिनक्सची भांडीही मोजकीच. त्याच साली कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या योजनेची हिरवी-पांढरी यंत्रं आली. त्यांत तर २५६ एमबीच रॅम होती, आणि तिच्या मापाने शिवलेली शुगर नावाची प्रणाली. पुढच्या साली ॲटम आला, डझनभर कंपन्या या धंद्यात उतरल्या, आणि गिऱ्हाइकाने ओळखीचं विंडोज मागितलं. त्यात त्याची चूक नव्हती. पण मायक्रोसॉफ्ट ज्या अटींवर नेटबुकसाठी स्वस्तात विंडोज देत असे, त्यातली एक होती रॅम १ जीबीच्या वर न जाण्याची. विंडोज ७ स्टार्टरमध्ये पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. लोक त्या चित्रावरून चिडले. खरी कात्री लागली होती ती ओट्याला, आणि ती कुणाला दिसत नव्हती. पुढे २०१० साली आयपॅड आला आणि दोन-तीन वर्षांत नेटबुकं बाजारातून गेली. टॅब्लेटने त्यांना मारलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती आधीच आजारी होती.

आता खरेदीकडे. भाचीला माझंच यंत्र द्यायचं की दुसरं घ्यायचं, हे ठरवायला आम्ही पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर मारली. दुकानदाराने काउंटरवर तीन यंत्रं ठेवली आणि प्रत्येकावरच्या स्टिकरवर बोट आपटून सांगितलं, “हा आय-थ्री, हा आय-फाइव्ह, हा एकदम नवा पीस, सील पॅक.” मी विचारलं, “रॅम किती, आणि वाढते का?” त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “नव्यात नाही वाढत काका, बोर्डावरच झाळलेली येते. जुन्यात वाढते.”

सगळा निवाडा त्या एका वाक्यात आहे. स्वस्तातल्या नव्या छोट्या लॅपटॉपमध्ये बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण असते, दोन्ही मदरबोर्डला कायमची चिकटलेली. ईएमएमसी म्हणजे मोबाइलच्या जातीची साठवण. हार्ड डिस्कपेक्षा बरी, पण चांगल्या एसएसडीच्या जवळपासही नाही. विंडोज ११ची किमान अट हीच, ४ आणि ६४. म्हणजे पेटीतून काढल्या दिवशीच ओटा भरलेला आणि घर भरलेलं. एखादं मोठं अपडेट आलं की जागेसाठी फोटो पुसत बसायचं. रिलायन्सने २०२३ साली १६,४९९ रुपयांना आणलेल्या जिओबुकातही ४ आणि ६४च होते, पण वजन ९९० ग्रॅम आणि आतली प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली. ती मोजक्या भांड्यांची वाट, नेटबुकच्या मूळ कल्पनेला धरून. मात्र त्यातला प्रोसेसर मोबाइलवंशीय, त्यामुळे पुढे कंटाळा आला म्हणून पेन ड्राइव्हवरून हवं ते लिनक्स घालू म्हणाल तर ते सरळ जमत नाही.

माझं मत विचाराल तर ऑफिसांतून निघालेला बारा इंची जुना लॅपटॉप घ्यावा. तळाचं झाकण उघडून रॅमची खाच आणि अडीच इंची डिस्कची जागा डोळ्यांनी बघावी. बॅटरी गेलेली असणार हे धरूनच चालावं आणि तेवढे पैसे भावात कापून घ्यावेत. घरात जुनं नेटबुकच पडलेलं असेल तर प्रोसेसरचं नाव वाचावं. एन२७० आणि एन२८० हे ३२ बिटांचे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिटांच्या पीसीवर नवी स्थापना करण्याची सोय काढून टाकली, त्यामुळे त्यांच्यासाठी अँटीएक्ससारखी मोजकीच दारं उघडी आहेत. एन४५० मात्र ६४ बिटांचा. आमचं नशीब. भाचीने गल्लीतले भाव ऐकले आणि म्हणाली, “मामा, तुझाच बघू आधी.” दोन जीबीची जुनी डीडीआर-टू पट्टी काही शे रुपयांत मिळाली. त्या यंत्राला त्याहून मोठी चालतच नाही. सोबत एक छोटी एसएसडी घेतली.

राहिली भांडी. हलकं सॉफ्टवेअर म्हटलं की लोक फाइलचा आकार बघतात. डाउनलोड किती मोठं, यावरून ओट्यावर किती जागा अडेल हे कळत नाही. बघायचं ते हे, की चालू झाल्यावर रॅम किती धरून बसतं. पपी लिनक्सचंच बघा. २००३मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलेलं हे इवलंसं लिनक्स सुरू होतानाच सगळा पसारा ओट्यावर मांडून घेतं आणि माळ्याचं तोंड बघत नाही. म्हणून ते चपळ वाटतं. पण ओटा १ जीबीचा असेल तर ब्राउझर उघडल्यावर तीच मांडामांड अडचण होते. आम्ही डेबियन घेतलं आणि त्यावर एलएक्सक्यूटी हा साधा डेस्कटॉप. टर्मिनलमध्ये ‘फ्री’ हा हुकूम दिला की किती रॅम उरली ते दिसतं. मी तो दिवसातून दहा वेळा देत होतो, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. झेडरॅमही चालू केलं. त्याने होतं असं, की जागा संपू लागली की वस्तू माळ्यावर न टाकता घडी घालून ओट्याच्याच कोपऱ्यात ठेवली जाते. घडी उलगडायला प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण तो तसाही रिकामाच उभा होता.

एवढं करून वाचवलेले दोन-तीनशे एमबी ब्राउझर दोन टॅबमध्ये गिळतो. आताचे ब्राउझर वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवतात, म्हणजे एक कोलमडली तरी बाकीच्या वाचतात. सुरक्षेला ते चांगलंच, पण प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्र शेगडी लागते. त्यामुळे हलकं लिनक्स घातलं आणि वीस टॅब उघडे ठेवले, तर आपण फसवलं कुणाला? जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकणं आणि टॅब मिटायची सवय लावणं, हे डेस्कटॉप बदलण्याइतकंच मोलाचं निघालं.

एका ठिकाणी मात्र माझा ओट्याचा दृष्टान्त लंगडा पडला. यूट्यूबवर मोठा व्हिडिओ लावला, चित्र अडखळू लागलं. दिव्याकडे बघितलं तर दिवा विझलेला, रॅम शिल्लक, आणि पंखा मात्र घोंगावतोय. इथे प्रोसेसर खरोखरच हळू होता. हल्लीचे व्हिडिओ उलगडायची वेगळी सोय त्याच्या चित्रभागात नाही, सगळं ओझं ॲटमच्या डोक्यावर. यावर कुठलंही हलकं सॉफ्टवेअर पूर्ण उपाय करत नाही. ३६० पीवर समाधान मानायचं किंवा मोबाइलवर बघायचं. दिवा पेटलेला असेल तर दुखणं ओट्याचं, दिवा विझून पंखा ओरडत असेल तर दुखणं प्रोसेसरचं. एवढं निदान झालं तरी दुकानात निम्मे पैसे वाचतात.

हलकेपणाची हौस मला एकदा अंगाशीही आली. ब्राउझर फार खातो म्हणून मी डिलो नावाचा अगदी चिमुकला ब्राउझर टाकला. क्षणात उघडला. मराठी बातमी उघडली तर ‘किती’मधली पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढची जागा सोडून मागे जाऊन बसलेली, जोडाक्षरं पाय मोडून सुटी झालेली. देवनागरी नीट उमटवायला अक्षरांची जुळणी करणारा एक वेगळा टप्पा लागतो. रोमन लिपीचं त्यावाचून बरंच भागतं, म्हणून हलकं करणाऱ्याने पहिल्यांदा तोच टप्पा गाळलेला असतो. एक्सटर्म या जुन्या टर्मिनलचंही तेच. ज्याने ही काटकसर केली त्याला ती अडगळ वाटली असेल, पण माझी भाषा त्या अडगळीत होती. डिलो काढून टाकला. लिहायला ॲबीवर्ड आणि माउसपॅड ठेवले. दोन्ही लहान, आणि दोन्हींत वेलांटी जागेवर. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू करून दिला.

भाचीने जेवणानंतर तासभर टाइप केलं. दोन पानं झाल्यावर मशीन उचलून माझ्याकडे आली.

“मामा, हा पुढचा दिवा गेलाय का रे? लागतच नाही.”

“सेव्ह कर.”

तिने केलं. दिवा एकदा लुकलुकला.