फी माफ झाली, पण खोलीभाडे?

चाकण एमआयडीसीला लागून असलेल्या म्हाळुंगे, खराबवाडी, निघोजे या गावांत दहा बाय दहाच्या खोलीत चार-चार, पाच-पाच मुले राहतात. बरीचशी मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली, ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेली. पहिल्या शिफ्टचा गडी उठून गेला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा होतो. त्यांच्यात बारावी झालेले आहेत, पदवी अर्ध्यावर सोडलेलेही आहेत. यांतल्या अनेकांना कॉलेजची निम्मी किंवा पूर्ण फी शासनाकडून मिळू शकली असती. पण गावाकडून पैसे येणे थांबल्यावर महिन्याची मेस आणि खोलीभाडे कोण भरणार? त्याची सोय कंपनीच्या पगाराने केली आणि कॉलेज मागे राहिले.

गरीब विद्यार्थ्याला मदत करायची तर आधी त्याच्या जेवणाची आणि राहण्याची सोय पाहावी, हे महाराष्ट्राला फार पूर्वीपासून माहीत होते. पुण्यात वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकणारी मुले हा त्या जाणिवेचाच भाग. मात्र ही पंगत ठरावीक जातींपुरती होती. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रजांनी १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, तीही त्याच वर्तुळात राहिली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी नेमके यावर बोट ठेवले. स्पर्धेने वाटलेल्या शिष्यवृत्त्या ज्यांच्या घरी शिक्षण आधीच रुजले आहे त्यांनाच मिळतात; ज्या समाजांत ते पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी त्या राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. मदत गुणांना द्यायची की गरजेला, हा वाद मराठी मुलखात इतका जुना आहे.

शाहू महाराजांनी त्या वादाला विटा-मातीचे उत्तर दिले. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे. खेड्यातले पोर शहरात टिकायचे तर त्याला हक्काचे छप्पर आणि ताट हवे, हे महाराजांनी ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवताना दरमहा साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी. त्या रकमेत राहणे, खाणे, पुस्तके सगळेच भागवायचे होते. बदल्यात बडोदा संस्थानाची दहा वर्षे चाकरी करण्याचा करार होता. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला रुजू झाले, तेव्हा मोठ्या हुद्द्यावरच्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना, आणि ती नोकरी त्यांना सोडावी लागली. डोक्यावरचे छप्पर ही किती मोठी गोष्ट आहे, हे या एका प्रसंगावरून कळावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी या विचारात श्रमाची भर घातली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याचे बोर्डिंग सुरू झाले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, स्वतः राबत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ महाविद्यालयापर्यंत पोचले. पुढे १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीने ग्रामीण मुलांच्या वसतिगृहांचे काम हाती घेतले, तेही याच वाटेने.

दरम्यान शासन या क्षेत्रात उतरले होते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ केली. हीच ती ईबीसी सवलत. आजच्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी शिक्षक, कारकून आणि इंजिनिअर तिच्यामुळे घडले. इथे एक मोठी गोष्ट घडली. शिक्षणाला मदत ही दात्याच्या मर्जीची बाब उरली नाही, उत्पन्नाचा दाखला दाखवून मागता येणारा हक्क झाली.

मग १९८३ आले. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पिंपरी, आकुर्डी, निगडी परिसरात आज दिसणारी अभियांत्रिकी महाविद्यालये त्या निर्णयानंतरचीच. कारखान्यांच्या शेजारी इंजिनिअर घडू लागले, हे चांगलेच झाले. पण फीचा आकडा इतका फुगला की मदतीचा सगळा विचार फीभोवतीच फिरू लागला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांचे निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हे निर्णय मोलाचे आहेत. तरी शाहू महाराजांच्या नावाची योजना फीवर थांबते आणि त्यांची बोर्डिंगे मागे पडतात, हे खटकते.

राहण्या-खाण्यासाठी योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. भोजनाची रक्कम वर्षावर पसरली तर दिवसाला ८८ रुपयांच्या आत येते. दोन वेळचे जेवण आणि सकाळचा चहा-नाश्ता त्यात बसवायचा. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता २०१६ मध्ये आला तेव्हा मोठ्या शहरांसाठी तो ३०,००० रुपये होता. वर्षावर पसरला तर महिन्याला अडीच हजार.

शिवाय पैसे येतात ते अर्ज मंजूर झाल्यावर. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरायचा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, प्रवेशाचे पत्र जोडायचे, आधारशी जोडलेले बँक खाते दाखवायचे. मग कॉलेजची पडताळणी, त्यानंतर विभागाची. मेसवाल्या काकूंना मात्र पैसे एक तारखेला लागतात. या मधल्या महिन्यांतच ठेकेदाराचा फोन येतो, आणि पोरगा कंपनीच्या बसमध्ये चढतो.

कारखान्यांनीही शिक्षणाला हात दिलेला आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. पिंपरीत टेल्कोने घडवलेल्या अप्रेंटिसांनी या पट्ट्यातली कितीतरी वर्कशॉप उभी केली. चाकणला फोक्सवॅगनच्या अकादमीत जर्मन पद्धतीने वर्ग आणि शॉप फ्लोअर एकत्र शिकवले जाते. दुसऱ्या बाजूला २०१३ मध्ये एआयसीटीईने ‘नीम’ ही प्रशिक्षण योजना आणली. प्रशिक्षणार्थी म्हणून घेऊन उत्पादनाचे नेहमीचे काम करून घेतले जाते, ही तक्रार कामगार संघटनांनी सातत्याने केली. शेवटी ती योजना मागे घेण्यात आली. साताऱ्यात मुलांच्या श्रमावर त्यांचेच वसतिगृह चालत होते. इथे तो श्रम लाइनवर जातो, म्हणून हिशेब कडक हवा: शिकाऊ मुलाच्या हाती शेवटी मान्यताप्राप्त पदविका पडते का, आणि तोवर त्याचे पोट भरते का.

कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांनी त्यातून शिफ्टमध्ये काम करून शिकणाऱ्यांसाठी वसतिगृहे आणि मेस उभ्या केल्या, तर कर्मवीरांचे काम या मातीत पुढे जाईल. सभागृहे आणि कमानी नंतर बांधता येतील.

आणि एक विनंती वाचकांना. या पट्ट्यात सोसायट्यांची कामे जागोजागी चालू आहेत. तिथे काम करणाऱ्या गवंड्याला, सेंट्रिंगवाल्याला त्याची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हे विचारा. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २०,०००, अभियांत्रिकीसाठी ६०,००० आणि वैद्यकीयसाठी एक लाख रुपये मिळतात. तो दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. ठेकेदार टाळत असेल, तर सोसायटीने त्याच्याकडे आग्रह धरावा.