नाव कुणाच्या खात्यावर?

पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात मोसे नदी आणि मोसे खोरं. शेजारी मुठा नदी नि मुठे खोरं, पलीकडे पवना नि पवन मावळ. आमच्या भाषेत सगळी संयुक्त खाती! पण मूळ खातेदार कोण? नदीनं खोरं कोरलं, सबब नाव तिचं, असं आमचा कॅशियर म्हणतो. (त्याला वाहत्या गोष्टींचं फार.) मला नाही पटत. नाव ठेवलं ते खोऱ्यात राहणाऱ्यांनी; नदी काय, हाक न मारताही जातेच.

पुढे वरसगावला धरण झालं. खोऱ्यातली कित्येक गावं बुडाली. जलाशयाला नाव मिळालं बाजी पासलकरांचं. तेही याच खोऱ्याचे देशमुख. ‘दोघांपैकी हयात’ या नियमानं शिल्लक नदीकडे गेली म्हणा. वारस मात्र काउंटरवर उभे, हातात पासबुक. त्यावरचा पत्ता पाण्याखाली.