यश, अपयश आणि हवामान

मृगाच्या पहिल्या सरीवर शेतकऱ्यानें पेरणी केली आणि मागून पावसानें दडी मारली, कीं आपण म्हणतों, 'घाई केली.' तोच पाऊस टिकला असता, तर त्याच घाईस आपण दूरदृष्टि म्हटलें असतें! कृत्य एकच, निवाडा मात्र आकाशाच्या हातीं.

साहसाचेंही असेंच आहे. १९०९ सालीं शॅकल्टन दक्षिण ध्रुवापासून सुमारें १८० किलोमीटरांवर असतां परत फिरला. अन्न अपुरें होतें. पुढें गेल्यास सोबत्यांचे प्राण जातील, हें त्यानें ओळखलें. चौघेही जिवंत परतले. १९१२ सालीं स्कॉट ध्रुवावर पोंचला. परंतु परतीच्या वाटेवर हिमवादळानें त्यास दोन सोबत्यांसह तंबूंत कोंडलें, आणि तेथेंच तिघांचा अंत झाला. अन्नाचा साठा अवघ्या २० किलोमीटरांवर होता. त्या मार्चांतील थंडी नेहमींपेक्षां कडक होती, असें पुढील अभ्यासावरून दिसतें.

मग थंडी सौम्य असती, तर स्कॉट अधिक शहाणा ठरला असता काय? खचित नाहीं. हवामान फळ बदलतें. निर्णयाचें मोल बदलत नाहीं. तें मोल, निर्णय घेतांना काय ठाऊक होतें आणि चुकीसाठीं किती वाव राखला होता, यावरूनच ठरावें. परततांना पाठीशीं वारा लाभला, हें शॅकल्टनचें दैव; परंतु परत फिरला, हा त्याचा विवेक.

करपलेल्या शेताकडे पाहतांना एवढें स्मरलें, तरी आपली जीभ थोडी मृदु होईल.