युतुखाची झोप

शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २०:७-१२, स्तोत्रसंहिता १२७:१-२



त्रोवस नगरात एका घराच्या माडीवर मंडळी भाकर मोडण्यासाठी जमली आहे. आठवड्याचा पहिला दिवस आहे. परंतु हा सुटीचा रविवार आहे असे समजू नका. रोमी साम्राज्यात रविवार विश्रांतीचा दिवस ठरला तो कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आज्ञेने, इ. स. ३२१ मध्ये. त्यापूर्वीची तीन शतके दास, मजूर व कारागीर त्या दिवशीही राबत आणि अंगमेहनत आटोपूनच उपासनेस येत. पौल दुसऱ्या दिवशी निघणार असल्यामुळे त्याचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबते. माडीवर पुष्कळ दिवे जळत आहेत, आणि युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसला आहे. त्याला गाढ झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो.

या वचनावर आपण जी प्रवचने ऐकली, त्यांतील बहुतेकांचा रोख एकच असतो : उपासनेत डुलक्या घेऊ नका. पण शास्त्रभाग पुन्हा शांतपणे वाचा. लूक हा वैद्य होता; त्याने दिव्यांची नोंद केली, भाषण लांबल्याची नोंद केली, झोप कशी अनावर होत गेली हेही लिहिले. दोष मात्र त्याने कोणालाच लावला नाही. पौल धावत खाली उतरतो आणि त्या मुलाला कवटाळतो. जाग ठेवता आली नाही का, असे तो विचारीत नाही.

आज हा युतुख आपल्याच घरातला आहे, आणि त्याचा पत्ता बहुधा इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळुरू असा आहे.

बंगळुरूच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही वसाहत उभी राहू लागली. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या कंपनीचे प्रमुख आर. के. बाळिगा यांचे ते स्वप्न होते. १९८१ साली आपल्या पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९९४ मध्ये आपले मुख्यालय घेऊन तेथे गेली, आणि मागोमाग शेकडो कंपन्या आल्या. अहिल्यानगर, जालना, मिरज, कोल्हापूर, बेळगाव, वसई, नागपूर येथील आपल्या मंडळ्यांतून किती तरुण-तरुणी तिकडे गेले आहेत, याची गणती प्रत्येक पाळकाने आपल्याच नोंदवहीत पाहावी. नीलाद्री रस्त्याच्या आसपासच्या पीजीच्या खोल्यांत ते राहतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा दिवस आपण निजतो तेव्हा सुरू होतो.

कारण साधे आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोत ९ वाजतात तेव्हा रात्रीचे साडेदहा. तिकडच्या ग्राहकाची सकाळ सांभाळायची तर इकडच्या माणसाने आपली रात्र द्यायची, असा हा व्यवहार आहे. त्यात पैसा आहे, आणि तो प्रामाणिक कष्टाचा पैसा आहे. त्यावर गावाकडे घरे बांधली गेली, बहिणींची शिक्षणे झाली. त्याला नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याची किंमत कोणत्या नाण्यात चुकती होते, हे पाहिले पाहिजे.

१७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे, दिवसा पाने उघडून रात्री मिटणारे एक रोप अंधारात ठेवले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने सकाळी उघडत आणि संध्याकाळी मिटत राहिली. म्हणजे घड्याळ आकाशात होते तसेच रोपाच्या आतही होते. मनुष्याच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या शिरा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे २० हजार पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तो डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाशी आपला ताल जुळवून घेतो आणि सर्व देहाला वेळ सांगतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रोसबॅश व यंग या तिघा अमेरिकी संशोधकांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या घड्याळामुळे आपली शक्ती दिवसभर सारखी राहत नाही. बहुतेकांची बुद्धी सकाळ चढते तशी धारदार होते, दुपारच्या जेवणानंतर मंदावते, संध्याकाळी पुन्हा एकदा उजळते. आणि पहाटेच्या आधीच्या प्रहरी देहाची ऊबही सर्वांत कमी असते नि सावधपणाही. दुपारची पेंग केवळ पोटभर जेवल्याने येते असे आपण म्हणतो. परंतु उपाशी माणसालाही ती येते. रात्रपाळीचा कामगार सतत या ओहोटीविरुद्ध पोहत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना कर्करोगास बहुधा कारणीभूत होणाऱ्या गोष्टींत केली, आणि २०१९ मध्ये पुनर्विचार करूनही तो निर्णय कायम ठेवला.

वाचकहो, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवस कोठून मोजला आहे, याकडे आपले लक्ष गेले आहे काय? आधी संध्याकाळ, मग सकाळ. आपण दिवस मोजतो तो कामापासून, आणि उरलेला वेळ झोपेला देतो. पवित्र शास्त्राचा दिवस विश्रांतीपासून सुरू होतो. मनुष्य निजलेला असताना देव कामाला लागलेला असतो, आणि मनुष्य उठून त्या आधीच चालू झालेल्या कामात सामील होतो. १०४ व्या स्तोत्रातही हाच क्रम आहे : रात्री सिंह भक्ष्य शोधतात, सूर्य उगवला की ते गुहेत शिरतात, आणि मग मनुष्य बाहेर पडून संध्याकाळपर्यंत राबतो. प्रत्येकाला त्याचा प्रहर नेमून दिलेला आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, आणि देशभर वाद झाला. तास ७० की ४८, यावर लोक भांडले. तास कोणते, हे फारसे कोणी विचारले नाही. जणू सकाळी दहाचा तास आणि पहाटे चारचा तास एकाच मापाचे आहेत! रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तो रोज सकाळी, ज्याच्या त्याच्या गरजेपुरता. ऊन तापले की तो वितळून जाई, आणि हावेने साठवलेल्यात किडे पडत (निर्गम १६). देहाची शक्ती अशीच आहे. तिची एक वेळ असते. ती वेळ गमावून मग तिप्पट तास बसले, तरी हाती येते ते शिळेच. १२७ वे स्तोत्र पहाटे उठणाऱ्यांना आणि रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांना एकाच वाक्यात व्यर्थ कष्टांविषयी सावध करते, आणि झोपेला देवाच्या प्रीतीचे दान म्हणते.

आपल्या घरांत मात्र पहाटे उठणे म्हणजेच धार्मिकता अशी एक समजूत रुजलेली आहे. आजी पहाटे जात्यावर बसायची हा दाखला दिला जातो. खरे आहे, पण आजी दिवेलागणीनंतर जेवण आटोपून लगेच अंथरुणावर पडायची, हे कोणी सांगत नाही. रात्र मोबाइलची आणि पहाट आजीची, हा हिशेब जुळणारा नाही. शिवाय सर्वांची घड्याळे एकाच वेळी लावलेली नसतात. कोणी चंडोलासारखा सूर्याबरोबर जागा होतो, कोणाची बुद्धी दिवे लागल्यावर फुलते. आणि वयात येणाऱ्या मुलांची झोप तर देहधर्मानेच काही वर्षे उशिराकडे सरकते. त्यांना आळशी ठरवून उठवणाऱ्या पित्याने एवढे आठवावे की आपला प्रभू एकदा अगदी पहाटे, अंधार असताना उठून प्रार्थनेला गेला (मार्क १), एकदा सबंध रात्र प्रार्थनेत जागला (लूक ६), आणि एकदा भर वादळात उशीवर डोके ठेवून गाढ झोपला (मार्क ४). तिन्ही वेळा तो पित्याच्या इच्छेतच होता. दहा कुमारींच्या दाखल्यातही झोप दहाही जणींना लागली. शहाण्यांनी तेल आधी घेऊन ठेवले होते, इतकाच फरक.

तेव्हा आपले तेल कोणत्या घटकेला भरलेले असते, हे शोधा. दोन आठवडे एक लहान वही जवळ ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा लिहा : आता मन स्वच्छ आहे की जड? पुढे चित्र आपोआप दिसू लागेल. जे दोन तास सर्वांत उजळ असतील ते सर्वांत कठीण कामाला द्या, आणि त्या वेळी फोन दूर ठेवा. हिशेबाची जुळवाजुळव, पत्रोत्तरे, कागद लावणे ही कामे ओहोटीच्या वेळेला राहू द्या. दुपारी वीस मिनिटे डोळे मिटता आले तर त्यात पाप नाही. रतामाच्या झुडपाखाली निराश होऊन मरण मागणाऱ्या एलीयाला देवदूताने बोध केला नाही. त्याला झोपू दिले, खाऊ घातले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर, होरेबावर.

आणि या वहीत आणखी एक रकाना पाडा. आपल्या उजळ तासांपैकी देवाला कोणता मिळतो? आपल्यापैकी अनेकांची कौटुंबिक प्रार्थना होते ती सर्व मालिका संपल्यावर, जांभया देत. कळपातील पहिले व निर्दोष ते परमेश्वराचे, असे नियमशास्त्र सांगते. दिवसाचा लंगडा तास अर्पण करताना हे वचन थोडे टोचावे.

ज्यांना वेळ निवडण्याची मुभाच नाही, त्यांना काय सांगावे? रात्री जागणारे आपल्याला नवे नाहीत. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय सुरू केले तेव्हापासून परिचारिकांच्या पिढ्या आपल्या मंडळीतून रात्रपाळीला जात आल्या आहेत. १३४ वे स्तोत्र परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभे राहणाऱ्या सेवकांनाच उद्देशून आहे, आणि तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम कळली ती रात्रपाळीच्या मेंढपाळांना. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या बंधूंनो व भगिनींनो, शक्य असेल तर दर आठवड्याला बदलणारी पाळी टाळा; खोलीला जाड पडदा लावा; पाळीच्या उत्तरार्धात कॉफी घेऊ नका; झोपेची वेळ ठरवून ती उपासनेच्या वेळेइतकीच पवित्र माना. तुम्ही दुपारी तीनला उठत असाल तर तीच तुमची पहाट. प्रातःप्रार्थना तेव्हा करा. देवाच्या दरबारी ती उशिरा पोहोचली असे होत नाही. जानेवारी २०१० मध्ये होसूर रस्त्यावरचा उड्डाणमार्ग खुला झाला, १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोचे उद्घाटन झाले. प्रवासातला जो वेळ वाचला तो झोपेच्या खात्यात जमा करा, नाहीतर कंपनी तो आनंदाने आपल्या खात्यात घेईल.

आता मंडळीविषयी. मदुराई कामराज विद्यापीठात डॉ. एम. के. चंद्रशेखरन यांनी प्राण्यांच्या दैनिक घड्याळांचा अभ्यास अनेक वर्षे केला. पुढे ते बंगळुरूच्याच जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रात होते. १९८१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग विलक्षण आहे. गुहेच्या गडद अंधारात, जेथे दिवस-रात्र कळत नाही, तेथे पिंजऱ्यात त्यांनी एक वटवाघूळ ठेवले. गुहेत बाकीचा थवा होता, तोवर त्याचे घड्याळ अचूक चालले : थवा संध्याकाळी बाहेर पडे, पहाटे परते, आणि त्या ये-जा करण्यावरून त्या बंदिवानाला वेळ कळे. थवा नसलेल्या गुहेत मात्र त्याचा ताल रोज थोडा थोडा सरकत गेला.

पीजीच्या बंद खोलीत, काळ्या पडद्याआड, एकटा राहणारा आपला मुलगा त्या गुहेत आहे. त्याला ताल लावून देणारा थवा म्हणजे मंडळी. पण आपली उपासना रविवारी सकाळी आठला, आणि शनिवारची पाळी संपवून तो सहाला परतलेला. तो आला तर युतुखासारखा पेंगतो. आला नाही तर आपण त्याला थंड पडलेला म्हणतो. जेथे असे दहा तरुण असतील तेथे महिन्यातून दोनदा सायंकाळची उपासना ठेवण्यास वडीलजनांची एक सभा पुरे आहे. तीही शक्य नसेल तर पाळीला निघण्यापूर्वी, त्याच्याच खोलीवर, चौघांनी मिळून अर्धा तास प्रार्थना करता येते.

आणि घरी राहिलेल्या मातांनो, तुम्ही स्वयंपाक आवरून सकाळी अकराला मुलाला फोन करता ती त्याची मध्यरात्र असते. तो उचलतो, हं हं म्हणतो, आणि तुम्हाला वाटते की तो दुरावला. संध्याकाळी पाचला करून पाहा. तेव्हा तो तोंड धुऊन चहा घेत असेल, आणि तुमची प्रार्थना संपल्यावर आमेन म्हणण्याइतका जागा असेल.